घरगुती भातगिरण: कुठली घ्यावी, कशी चालवावी, कुठे बिघडते

पाच माणसांच्या, दोन्ही वेळ शीत (शिजवलेला तांदूळ) खाणाऱ्या घरात रोज साधारण दीड किलो तांदूळ लागतो, म्हणजे पंधरवड्याला २२ किलो. एवढ्या तांदळासाठी लहान यंत्रात ३४ किलोच्या आसपास भात घालावे लागते आणि ते काम तासाभरात उरकते. घरगुती गिरणीचा खरा उपयोग हा इतकाच आहे, आणि तो फार मोठा आहे. भात तुसात असेपर्यंत वर्षभर टिकते. तूस निघाले की दाण्यावरच्या कोंड्यातले तेल हवेला लागते, आणि गोव्याच्या दमट हवेत ते बघता बघता खवट होते. हातसडीचा, कोंडा राखलेला तांदूळ हवा असेल तर तो दर पंधरा दिवसांनी ताजाच काढला पाहिजे. दर वेळी एक पोते रिक्षात घालून गिरणीवर जाणे परवडत नाही, म्हणून घरचे यंत्र.

उलट, तुम्हाला पांढराशुभ्र तांदूळच आवडत असेल आणि वर्षाचे सगळे भात एकदम भरडून ठेवायची घरची पद्धत असेल, तर हे यंत्र घेऊ नका. गावच्या मोठ्या गिरणीत तूस काढणारे यंत्र वेगळे, न सोललेले भात निवडणारी चाळण वेगळी आणि पॉलिश वेगळे असते. तिथे कणी कमी पडते आणि उतारा जास्त मिळतो. लहान यंत्र त्या बाबतीत मोठ्या गिरणीची बरोबरी करू शकत नाही.

दोन जाती, त्यांतला फरक

बाजारात घरगुती म्हणून जी यंत्रे मिळतात ती मुळात दोन तत्त्वांवर चालतात. पहिला लोखंडी रोलरचा हलर. खाचा असलेला लोखंडी रोलर जाळीच्या आत फिरतो, दाणे एकमेकांवर आणि पट्टीवर घासतात, आणि तूस व कोंडा एकाच वेळी निघतो. रचना साधी, किंमत कमी, दुरुस्ती कुठलाही फिटर करतो. पण दाण्यावर जोर फार येतो. निव्वळ जुन्या पद्धतीच्या हलरमध्ये १०० किलो भातातून ५३ ते ५५ किलोच तांदूळ हाती लागतो आणि त्यातही कणी भरपूर असते. शिवाय तूस दळून कोंड्यात मिसळते, त्यामुळे कोंड्याचा कस जातो.

दुसरी जात रबर रोलची. दोन रबरी रोल एकमेकांकडे फिरतात, एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा सुमारे पाव पटीने जास्त असतो. दाणा मधून जाताना त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओढल्या जातात आणि तूस फाटून सुटते. तांदळाला धक्का कमी लागतो. खाली पंखा तूस उडवतो. हा तांदूळ कोंड्यासकट मिळतो, आणि तोच खायचा असेल तर काम तिथेच संपते. पॉलिश हवे असेल तर जोडीला लहान पॉलिशर असलेले यंत्र घ्यावे. १०० किलो भातात २० ते २२ किलो तूस आणि ८ ते १० किलो कोंडा असतो. रबर रोलने ७५ किलोच्या पुढे हातसडीसारखा तांदूळ मिळाला, किंवा पॉलिश करून ६५ किलोपर्यंत मिळाला, तर यंत्र नीट लागले आहे असे समजा.

आमचे मत स्पष्ट आहे: ज्योतीसारखा तांबडा तांदूळ कोंडा राखून खायचा असेल तर रबर रोलच घ्या. उकडा (तुसासकट उकडून मग भरडलेला तांदूळ) पॉलिश करून खाणाऱ्यांना लोखंडी रोलरचे यंत्र चालते, कारण उकड्याचा दाणा चिवट असतो आणि त्या घासाघाशीला पुरून उरतो.

विकत घेताना दुकानदाराच्या भातावर प्रात्यक्षिक बघू नका. आपले ५ किलो भात सोबत न्या, तिथेच यंत्रात घालायला लावा आणि बाहेर आलेला तांदूळ, कणी आणि कोंडा वेगवेगळा तोला. ५ किलोतून सव्वातीन किलोच्या आसपास पॉलिश केलेला तांदूळ यायला हवा. पावणेतीन किलोवर आला तर ते यंत्र तिथेच राहू द्या. मग विचारा: जाळी, रबर रोल, पट्टी आणि बेल्ट सुटे मिळतात का, आणि आत्ता दुकानात आहेत का? उत्तर ‘मागवून देऊ’ असे आले तर पहिल्याच खरेदीत एक जाळी आणि रोलची एक जोडी जादा घेऊन ठेवा. अनुदानाची चौकशी विभागीय कृषी कार्यालयात खरेदीच्या आधी करावी, कृषी कार्ड (कृषी खात्याचे शेतकऱ्याचे कार्ड) घेऊनच जावे.

वीज आणि जागा

घरगुती यंत्राला बहुधा ३ एचपीची सिंगल फेज मोटर असते, म्हणजे २.२ किलोवॅट. पूर्ण भारावर ती १४ अँपिअरच्या आसपास करंट घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवर ती चालते खरी, पण प्लगच्या पिना तापतात आणि काही महिन्यांत सॉकेट काळे पडते. मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची वेगळी लाइन ओढा, तिला २० अँपिअरचा सी-प्रकारचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) लावा. बी-प्रकारचा एमसीबी मोटर सुरू होतानाच पडत राहतो आणि लोक उगाच मोटरला दोष देतात. विजेच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो अपुरा असेल तर वीज खात्याकडे वाढवून घ्या. शेजाऱ्यांचे भात पैसे घेऊन भरडायचा विचार असेल तर घरगुती जोडणीवर ते करू नका.

अर्थिंगकडे खास लक्ष द्या. आपली तांबडी चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये पार कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन-तीन कळशा पाणी ओतत जा.

यंत्र मांगरात किंवा मागच्या पडवीत, सिमेंटच्या सपाट जमिनीवर बोल्टने आवळून बसवावे. मातीच्या जमिनीवर ते थरथरत सरकते, बेल्टची रेषा तिरकी होते आणि बेल्ट काठाने झिजतो. दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. तुसाचे तोंड पूर्वेकडे ठेवले तर तूस उलटे घरात येत नाही.

तांदूळ यंत्रात नव्हे, खळ्यात तुटतो

या कामात सर्वांत जास्त चुका वाळवणीत होतात आणि त्यांचे खापर यंत्रावर फुटते. भरडायला भातात १३ ते १४ टक्के ओल हवी. त्याहून ओले असेल तर तूस चिवट राहते, दाणा मऊ असल्यामुळे चिरडतो आणि कोंडा जाळीला लेपासारखा बसतो. त्याहून फार सुके असेल तर दाणा ठिसूळ होऊन कणी पडते.

ओल बघायला घरगुती उपाय आहे. काचेची कोरडी बरणी घ्या, तिसरा हिस्सा भात भरा, त्यात तव्यावर भाजून थंड केलेले चमचाभर मीठ घाला, झाकण लावून दोन मिनिटे हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ बरणीच्या काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, भात परत उन्हात घाला. काचेला काही चिकटले नाही तर भात भरडायच्या जवळ आले. मग दाणा सोलून दाताखाली धरा: टक्कन तुटला पाहिजे, दबला तर अजून एक ऊन लागेल.

गोव्यात दोन हंगामांच्या वाळवणीच्या अडचणी अगदी उलट आहेत. सरदाचे, म्हणजे पावसाळी पिकाचे, भात सप्टेंबर-ऑक्टोबरपासून कापणीला येते तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर असतो. झोडलेले ओले भात पोत्यात एक रात्र जरी दाबून राहिले तरी आतून तापते, दाणा पिवळा पडतो आणि वास धरतो. ऊन नसेल तर घरात फरशीवर पसरा, पंखा लावा, पण पोत्यात ठेवू नका. वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाचे, भात एप्रिलच्या आसपास येते. तेव्हा ऊन इतके कडक असते की दाण्याचा बाहेरचा भाग झटकन सुकतो, आतली ओल बाहेर यायला वेळ मिळत नाही आणि दाण्याला आडव्या चिरा जातात. त्या चिरा तुसाच्या आत असल्यामुळे दिसत नाहीत. यंत्रात पडल्यावर दाणा नेमका तिथे तुटतो.

म्हणून थर दोन ते चार सेंटिमीटरचा ठेवावा, अर्ध्या अर्ध्या तासाने पायाने किंवा दाताळ्याने परतावा, आणि भर दुपारी साडेबारा ते तीन भात ढीग करून झाकावे किंवा सावलीत घ्यावे. डांबरी रस्त्यावर वाळवणे सोयीचे वाटते, पण डांबर फार तापते आणि खडी भातात येते. संध्याकाळी भात उचललेच पाहिजे. वाळलेल्या भातावर रात्रीचे दव पडले तर दाणा ओल परत शोषतो, फुगतो आणि चिरतो; एका रात्रीच्या दवाने चार दिवसांची मेहनत जाते. वाळलेले भात लगेच भरडायलाही घेऊ नये. पोत्यात भरून निदान एक रात्र, जमल्यास दोन-तीन दिवस सावलीत मुरू द्यावे.

कणी जास्त पडते तेव्हा यंत्राला हात लावण्याआधी हे करून पाहा. पोत्यातले ५० दाणे नखाने हलकेच सोला आणि एकेक दाणा दिव्यासमोर धरा. चिरलेल्या दाण्यात केसासारखी आडवी रेघ दिसते, कधी दोन-तीन. ५० पैकी दहा-बारा दाण्यांत रेघ असेल तर दोष वाळवणीचा. असे भात वाया गेले असे नाही. ते उकडून घ्या. उकडताना दाण्यातले पीठ फुलून चिरा सांधल्या जातात.

उकड्याची पद्धत घराघरात थोडी वेगळी असली तरी गाभा एकच. भाणात (मोठ्या भांड्यात) भात बुडेल इतके पाणी घालून वर आलेले पोचट दाणे काढून टाकावेत, पाणी चांगले कढत होईपर्यंत तापवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी ते पाणी काढून टाकून थोड्या ताज्या पाण्यावर वाफ द्यावी. तुसाचे टोक उकलू लागले की लगेच उतरवावे. जास्त वेळ ठेवले तर दाणा तुसाबाहेर फुटतो आणि यंत्रात त्याचा चुरा होतो. भिजवणीचे पाणी सकाळी न काढता पुढेही तसेच ठेवले तर तांदळाला आंबूस वास येतो आणि तो पेजेतही जात नाही. उकडलेले भात सुरुवातीला उन्हात भराभर वाळवले तरी चालते. दाणा बाहेरून कोरडा, पण दाबला तर किंचित मऊ लागतो, तेव्हा ते ढीग करून चार-सहा तास झाकून ठेवा आणि पुढची वाळवणी मंद उन्हात करा.

भरडण्याआधी साफसफाई

आधी मोठ्या चाळणीने काड्या व गवत, मग बारीक चाळणीने माती व वाळू, मग सूप. एक खडा रबर रोलमध्ये गेला तर रबराला कायमची खाच पडते आणि त्या खाचेतून पुढे दर फेरीत भात न सोलता निसटते. पोत्याच्या शिलाईची तार, खिळा हे जाळीचे शत्रू. हॉपरच्या (भात ओतायच्या वरच्या पेटीच्या) तोंडाशी एक चुंबक बांधून ठेवावा. खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या) कोरगुट वाणाच्या दाण्याला लांब कुसळे असतात, ती हॉपरच्या तळाशी गुंतून भात खाली उतरत नाही. असे भात आधी गोणपाटावर पायाने चोळून, पाखडून घ्यावे. दोन वाणांचे भात कधी एकत्र घालू नका. ज्योती आणि कोरगुट यांची जाडी सारखी नसते, त्यामुळे एकाला बरोबर लावलेली फट दुसऱ्याला चुकीची ठरते.

चालवताना

यंत्र नेहमी रिकामे सुरू करायचे. शटर (हॉपरमधून भात खाली सोडणारी झडप) बंद, पॉलिशरच्या तोंडावरचा दाब पूर्ण सैल. मोटर पूर्ण वेगात आली, आवाज एकसारखा झाला की शटर पाव भाग उघडा. रबर रोलची फट दाण्याच्या जाडीच्या साधारण निम्मी, म्हणजे एक मिलिमीटरच्या आत असते. सुरुवातीला ती मोकळी ठेवून हळूहळू कमी करत आणा. पहिले दोन-तीन ओंजळी तांदूळ परत हॉपरमध्ये टाकायचे असतात, त्यावरून निकाल ठरवू नका.

मग बाहेर पडणाऱ्या धारेतले १०० दाणे ताटात मोजा. त्यात १० ते १५ भाताचे दाणे न सोललेले असतील तर फट बरोबर आहे. सगळेच्या सगळे सोलले जावेत म्हणून फट आवळली की कणी वाढते, रबर भराभर झिजते आणि तांदळावर करडी छटा येते. उरलेले दाणे सुपाने वेगळे करून दुसऱ्यांदा घाला.

पॉलिशचा अंदाज तांबड्या तांदळात डोळ्यांनीच लागतो. ज्योतीच्या दाण्यावर तांबडा रंग सगळीकडे असेल तर कोंडा शाबूत आहे. दाण्याच्या खाचांत तांबड्या रेघा आणि पाठीवर फिकट डाग दिसले की निम्मा कोंडा गेला; घरी खायला इथेच थांबावे. जया वाणाचा दाणा पांढराच असतो, तिथे रंगाऐवजी स्पर्शावर जावे लागते: कोंडा असलेला तांदूळ मुठीत खरखरीत लागतो, पॉलिश झालेला निसरडा. तोंडावरचा दाब एकदम आवळण्यापेक्षा हलक्या दाबाने दोनदा काढलेला तांदूळ नेहमी अखंड राहतो. यंत्रातून आलेला तांदूळ कोमट असावा. मुठीत धरवत नसेल इतका गरम असेल तर दाब सैल करा, कारण तो थंड होताना ताटातच तडकतो.

बंद करताना आधी शटर, मग आतला सगळा माल बाहेर येऊ द्या, मग दाब सैल, शेवटी स्विच. मध्येच वीज गेली तर आत भात अडकलेले असते. वीज आल्यावर तसेच सुरू करू नका; प्लग काढून रोलर हाताने फिरवून मोकळा करा. भरल्या यंत्रावर मोटर सुरू केली की कपॅसिटर जातो, हे सर्वांत नेहमीचे नुकसान आहे.

बेल्टला जाळीचे आवरण नसेल तर यंत्र चालवूच नये. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस आवरून बांधावेत. हॉपरमध्ये हात किंवा काठी घालायची नाही. भात अडकले तर बाहेरून थोपटा. तुसाची धूळ छातीत बसते, तोंडाला कापड बांधलेच पाहिजे.

काय बिघडले ते कसे ओळखावे

मोटर गुणगुणते पण फिरत नाही: लगेच बंद करा, अर्धे मिनिटही तसे ठेवू नका. बेल्ट काढून मोटरची पुली हाताने फिरवा. सहज फिरली तर बहुधा कपॅसिटर गेला, अडली तर बेअरिंग. पुली ठीक आणि यंत्राची बाजू अडकलेली असेल तर आत माल किंवा खडा आहे. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तो वायरमनकडूनच बदलून घ्या.

भात जास्त न सोलता येते: आधी ओल बघा, मग शटर किती उघडे आहे ते, मग रोल. वेगाने फिरणारा रोल दुसऱ्यापेक्षा लवकर झिजतो. दोघांच्या जाडीतला फरक डोळ्यांना दिसू लागला की अदलाबदल करावी. वेगातला फरक टिकतो आणि जोडी पुष्कळ जास्त चालते. रोल जुने होऊन कडक झाले, नख रुतत नाही, तर जाडी शिल्लक असूनही ते बदलावे लागतात. जादा जोडी उन्हापासून आणि तेलापासून दूर, कागदात गुंडाळून ठेवा.

तांदळात तूस येते: पंख्याचे तोंड चोंदले आहे, पंख्याचा बेल्ट ढिला आहे किंवा शटर जास्त उघडे आहे. उलट तुसाच्या ढिगात तांदूळ जात असेल तर हवेची झडप कमी करा. दर वेळी तुसाची एक मूठ सुपात पाखडून बघायची सवय ठेवा. तिथे गेलेला तांदूळ कुणाच्या लक्षात येत नाही. कोंड्याचेही तसेच. काळ्या कापडावर मूठभर कोंडा पसरला आणि त्यात अख्खे दाणे किंवा मोठी कणी दिसली तर जाळीची छिद्रे झिजून रुंद झाली आहेत किंवा जाळी कुठेतरी फाटली आहे.

बेल्ट किंचाळतो: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो एक-दीड सेंटिमीटर दबायला हवा. जास्त दबला तर मोटर मागे सरकवून आवळा. फार ताणलेला बेल्ट आवाज करत नाही, पण बेअरिंग खातो. मोटर बदलण्याची वेळ आली तर वेगाचा हिशोब करूनच पुली घ्या: मोटरच्या फेऱ्यांना मोटरच्या पुलीच्या व्यासाने गुणून यंत्राच्या पुलीच्या व्यासाने भागायचे. १४४० फेऱ्यांची मोटर, तिला ४ इंची पुली आणि यंत्राला ५ इंची असेल तर रोलर मिनिटाला ११५२ फेरे घेतो. यंत्रावरच्या माहितीच्या पट्टीवर लिहिलेल्या फेऱ्यांशी हा आकडा जुळला पाहिजे. जास्त वेगाने काम लवकर होत नाही, कणीच वाढते.

पावसाळ्यात दिव्यांचा उजेड मंदावतो तेव्हा व्होल्टेज २०० च्या खाली गेलेले असते. अशा वेळी भरडायला घेऊ नका, मोटरचे वाइंडिंग जळते.

तूस, कोंडा आणि ठेवण

रबर रोलच्या यंत्राच्या पॉलिशरमधून निघालेला कोंडा शुद्ध असतो, गुरांना त्याच आठवड्यात घाला. खवट झाला की ती तोंड लावत नाहीत. हलरच्या कोंड्यात तुसाचा भुगा असतो आणि तुसात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे कोंबड्यांना तो फारसा देऊ नये. तूस माडांच्या आळ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यात, राख करून भांड्यांना, सगळीकडे लागते. पोह्यांसाठी मात्र हे यंत्र नाही. दिवाळीचे फोव करायला चेचणारे वेगळे यंत्र लागते, यात भाजलेले भात घातले तर भुगा होतो.

सुरय (न उकडलेला) हातसडीचा तांदूळ दोन-तीन आठवड्यांत संपवा. उकड्याचा थोडा जास्त टिकतो, कारण उकडताना कोंड्याचे तेल खवट करणारा घटक उष्णतेने निकामी होतो. भाताची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर दूर रचा.

काम झाल्यावर हॉपर, जाळी आणि पंख्याचे तोंड ब्रशने झाडून घ्या. आत राहिलेला कोंडा दोन दिवसांत बुरशी धरतो, त्याला सोंडे लागतात आणि मग पुढच्या पोत्यात जातात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत जाळीला आणि लोखंडी रोलरला खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. मशीन ऑइल नको, ते तांदळात उतरते. रबर रोलला तेलाचा थेंबही लागू देऊ नये, आणि रोलची फट उघडी ठेवावी, नाहीतर एका जागी दबून रबर चपटे होते. बेअरिंगला ग्रीस वर्षातून दोनदा, सरद आणि वायंगण यांच्या भरडणीआधी. पुढच्या वेळी सुरू करण्यापूर्वी हॉपरमध्ये बॅटरी मारून बघा, उंदीर आणि पाली तिथे हमखास बसतात, आणि पहिली दोन मुठी तूस घालून फिरवा: जाळीवरचा गंज आणि तेल त्याच्याबरोबर निघून जाते.